चोचीचा कप

ती. आई-बाबांना,
सा. न.

काल फोनवर आई कुरकुरत होती, बाबा पडल्यापडल्या प्यायच्या त्या चोचीच्या कपाला हात लावत नाहीत. म्हणे, "मी काय तान्हं बाळ आहे?"

बाबा, तान्ह्या बाळाचं भांडं वेगळंच होतं. 18व्या शतकात युरोपातल्या घरांत नावेच्या आकाराचं, वरून उघडं असं एक छोटं भांडं असायचं. दुधात नाहीतर पाण्यात भिजवलेला पाव त्यातून बाळालाही भरवत आणि आजाऱ्यालाही. पण पडल्यापडल्या त्यातून प्यायला गेलं की सगळं गळ्यावर. मग कुणीतरी शहाण्याने कपाचं अर्धं तोंड झाकलं आणि त्याला तोटी, म्हणजे हीच चोच, बसवली. काही कपांना दोन कान असत, म्हणजे थरथरत्या हातांनाही तो स्वतःचा स्वतः धरता यावा. भरवून घ्यावं लागू नये, हीच तर त्यातली सोय! आणि तुम्ही तो कप नाकारून आईच्या हातून चमच्याने पिताय. आता बाळ कोण?

आई, हसू नकोस, तुझ्यासाठीही आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1859च्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात कपाच्या बुडाबद्दलसुद्धा लिहून ठेवलंय. बशीत सांडू देऊ नका, बूड कोरडं ठेवा. नाहीतर कप उचलला की थेंब चादरीवर, आणि त्या वैतागाने आजाऱ्याची खायची इच्छाच जाते. तू कप काठोकाठ भरतेस, हे मला इथे बसून माहीत आहे.

तरीही कप नकोच असेल तर वाकणारी नळी चालेल? सॅन फ्रान्सिस्कोत जोसेफ फ्रीडमनची लहान मुलगी उंच ग्लासातला मिल्कशेक सरळ नळीने प्यायला धडपडत होती. त्याने कागदी नळीत स्क्रू घातला, त्याच्या आट्यांवरून दोरा घट्ट गुंडाळला, स्क्रू काढला. नळीला चुण्या पडल्या आणि ती मोडल्याशिवाय वाकायला लागली. 1937मध्ये पेटंट मिळालं. दहा वर्षांनी, 1947मध्ये, नळ्या विकायला काढल्या तेव्हा पहिलं गिऱ्हाईक मात्र हॉस्पिटल होतं. बापाने लेकीसाठी केलेली वस्तू आहे, बाबा. लेकीने बापासाठी आणली तर नाही म्हणू नका.

शुक्रवारी येतेय, नळ्यांचं पाकीट घेऊन. तोवर आई, कप अर्धाच भर, आणि त्यांच्या हातात देऊन तू जरा बाजूला हो.

तुमची,
धाकटी