रेडिओवरचा एक जुना सोमवार : १६ जानेवारी १९५०

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र नेमके संक्रांतीला मिळाले. वाड्यातल्या त्या एकुलत्या एक रेडिओची तू आठवण काढलीस, म्हणून माझ्या सध्याच्या नादाविषयी लिहितो. 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकात छापलेली जुनी वेळापत्रके बीबीसीने संगणकावर सर्वांसाठी खुली केली आहेत आणि गेला महिनाभर मी रात्री जेवणे आटोपली की ती वाचत बसतो. तुझी वहिनी म्हणते, जो कार्यक्रम ऐकता येत नाही त्याची वेळ पाहून काय मिळते? मला मात्र त्या रकान्यांतून एक अख्खे घर दिसते. त्यातला एकच दिवस तुझ्यासाठी निवडला आहे : सोमवार, १६ जानेवारी १९५०.

दुसरे महायुद्ध संपून साडेचार वर्षे झाली होती, तरी ब्रिटनमध्ये साखर, चहा आणि मांस अजून शिधापत्रिकेवरच मिळत होते. सार्वत्रिक निवडणूक जाहीर होऊन आठवडाही उलटला नव्हता. घरात रेडिओ ठेवायचा तर वर्षाला एक पौंड परवाना शुल्क भरावे लागे आणि त्यात तीन केंद्रे ऐकायला मिळत. बातम्या, भाषणे व नाटके यांसाठी 'होम सर्व्हिस', करमणुकीसाठी 'लाइट प्रोग्राम' आणि अभिजात संगीत व गंभीर चर्चा यांसाठी संध्याकाळी सुरू होणारा 'थर्ड प्रोग्राम'. श्रोत्याने हलक्याफुलक्या कार्यक्रमांपासून आरंभ करून हळूहळू वरच्या पायरीवर चढावे, अशी महासंचालक विल्यम हेली यांची कल्पना होती. माणसे अशी पायऱ्या चढत नाहीत, हे आपल्या वाड्यातल्या कोणीही त्यांना सांगितले असते.

सोमवार हा तिकडे कपडे धुण्याचा वार. आदल्या दिवशी भाजलेल्या मांसातले उरलेले थंडच वाढायचे, म्हणजे चुलीपाशी वेळ जात नाही आणि पाणी तापवून सगळे धुणे उरकता येते. त्या धबडग्यात सकाळी 'हाउसवाइव्हज चॉइस' लागे, गृहिणींनी पोस्टकार्डावर कळवलेल्या पसंतीच्या गाण्यांचा. त्यानंतरचा 'म्युझिक व्हाइल यू वर्क' खरा कारखान्यांचा. तो जून १९४० मध्ये, युद्धसामग्रीचे उत्पादन वाढावे म्हणून सुरू झाला आणि युद्धानंतरही टिकला. काम करणाऱ्याचा हात मंदावेल किंवा थांबेल असे संगीत त्यात चालत नसे. एका गाण्यात टाळ्यांच्या जागा होत्या आणि तिथे कामगार हातातली हत्यारे यंत्रांवर ठोकतील, या भीतीने ते गाणेच वगळण्यात आले होते!

हाच सोमवार निवडण्याचे कारण दुपारचे आहे. पावणेदोन वाजता, शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांसाठी 'लिसन विथ मदर' हा पंधरा मिनिटांचा नवा कार्यक्रम त्या दिवशी पहिल्यांदा लागला. नीट आरामात बसलात ना, मग मी सुरू करते, असे विचारून गोष्ट सांगायची त्याची रीत पुढे घरोघरी ठाऊक झाली. गोष्ट संपते तो दोन वाजतात आणि बायकांसाठीचा 'वुमन्स अवर' सुरू होतो. वेळ ठरवणाऱ्याची हुशारी पाहा : भांडी घासून झालेली, धाकटे पेंगुळलेले, थोरले अजून शाळेतून यायचे आहे, एवढ्या फटीत बाईला जरा टेकायला मिळणार हे त्याने बरोबर हेरले होते. पण बाई दुपारी घरीच असणार हेही त्याने धरूनच टाकले होते आणि ते मला खटकते. ऑक्टोबर १९४६ मध्ये 'वुमन्स अवर' सुरू झाला तेव्हा त्याचे सूत्रसंचालन ॲलन आयव्हिमी या पुरुषाकडे होते, हे वाचून तुझी वहिनीसुद्धा हसली.

चार वाजता 'मिसेस डेल्स डायरी' ही मालिका. लंडनच्या उपनगरातल्या डॉक्टरांची ही पत्नी रोज आपल्या रोजनिशीत नवऱ्याची, जिमची, काळजी वाहत असे. मला आकाशवाणीवरच्या मालिकेतले आपले टेकाडे भावजी आठवले, कारण त्यांच्याही घरात विशेष काही घडत नसे आणि तरी ऐकल्यावाचून राहवत नसे. पाच वाजता मुलांचा 'चिल्ड्रन्स अवर' होई आणि पावणेसातला 'डिक बार्टन', म्हणजे रोज पंधरा मिनिटे साहसकथा, जिचा प्रत्येक भाग नायक संकटात सापडतो तिथेच संपे. ऐन बहरात त्याचे श्रोते दीड कोटींपर्यंत गेले होते. मुलेही ऐकतात म्हणून नायकाच्या वागण्याचे नियमच लिहून काढले गेले : त्याने कायदा मोडायचा नाही, अपशब्द उच्चारायचा नाही आणि शांततेचे मार्ग खुंटल्याखेरीज हात उगारायचा नाही. रात्री नऊला बिग बेनचे ठोके पडत आणि त्यामागोमाग बातम्या येत.

एक गोष्ट सोमवारची नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. रविवारी दुपारी जर्मनीतल्या ब्रिटिश सैनिकांना आणि त्यांच्या घरच्यांना जोडणारा गाण्यांचा कार्यक्रम असे. लंडनहून जीन मेटकाफ बोलत आणि हॅम्बुर्गहून क्लिफ मिशेलमोर. दोघांची ओळख आधी आवाजाची झाली, भेट नंतर. या सोमवारनंतर दोन महिन्यांच्या आत, मार्च १९५० मध्ये, त्यांनी लग्न केले.

आता पुढचा रविवार उघडून बसतो. काकूंना साष्टांग नमस्कार सांग.

तुझा,
मोरेश्वर