खुस्त राजधानी असतानाचे साडेचार महिने

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार.

चेकोस्लोव्हाकियाच्या पूर्व टोकाला, आजच्या पश्चिम युक्रेनमध्ये असलेल्या कार्पाथो-युक्रेनवरच्या लेखाला तू ‘एका दिवसाचं प्रजासत्ताक’ असा मथळा देतोयस म्हणे. तेवढा बदल रे. १४ मार्च १९३९च्या संध्याकाळी स्वातंत्र्य जाहीर झालं आणि १६ला हंगेरीची फौज राजधानी खुस्तमध्ये होती, हे खरं. पण खरा घाव बसला तो २ नोव्हेंबर १९३८ला, व्हिएन्नात.

सुरुवात मात्र १९१९पासून कर. या डोंगरपट्ट्याला स्वायत्तता आणि स्वतःची विधानसभा देऊ, असं चेकोस्लोव्हाकियानं पहिल्या महायुद्धानंतरच्या सेंट-जर्मेनच्या तहात कबूल केलं होतं. त्याला १९ वर्षं लागली, आणि स्वायत्तता मिळाली तीही म्युनिक करारानं चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग जर्मनीला देऊन प्रागचं सरकार हतबल झाल्यावर, ११ ऑक्टोबर १९३८ला. पहिले पंतप्रधान आंद्री ब्रोदी हंगेरीशी संधान बांधल्याच्या आरोपावरून पंधरवड्यातच पदावरून गेले. २६ला आवगुस्तिन वोलोशिन आले. ते ग्रीक कॅथलिक धर्मगुरू आणि पेशानं शिक्षक. आठवडा होतो न होतो तोच व्हिएन्नातल्या त्या निवाड्यात जर्मनी आणि इटलीनं उझहोरोद, मुकाचेवो, बेरेहोवो ही शहरं हंगेरीला देऊन टाकली.

इथे नकाशा उघडून बस. सुपीक सपाटी गेली, पश्चिमेकडची रेल्वे तुटली. उरले डोंगर, जंगलं आणि खुस्तसारखं लहानसं गाव, ज्यात सगळं सरकार हलवावं लागलं. अशा प्रदेशाला धान्यासाठीही बाहेर बघावं लागणार, मग तो स्वतःच्या बळावर लढणार कसा?

१२ फेब्रुवारी १९३९च्या विधानसभा निवडणुकीचा आकडा जपून वापर. ३२ जागा, ९२.४ टक्के मतं, पण उमेदवारांची यादी एकच होती. आशा खोटी होती असं मी म्हणत नाही. शेजारच्या, पोलंडच्या ताब्यातल्या गॅलिशिया प्रांतातून युक्रेनियन तरुण सीमा ओलांडून ‘कार्पाट्स्का सिच’ या दलात भरती होत होते, कारण इथून सगळ्या युक्रेनची सुरुवात होईल असं त्यांना मनापासून वाटत होतं. मात्र आपण युक्रेनियन, रशियन की रूसिन (म्हणजे वेगळाच स्थानिक स्लाव्ह समाज), हा प्रश्न त्या खोऱ्यांत सुटलेला नव्हता. १९३७मध्ये शाळेच्या पुस्तकांवर पालकांचा कौल घेतला, तेव्हा बहुसंख्य रशियन वळणाच्या व्याकरणाकडे झुकले होते. हे लिहिलंस तरच ९२.४चा अर्थ लागेल.

मोठ्या सत्तांचं गणित वेगळंच होतं. हंगेरी आणि पोलंडला एकमेकांना लागून सीमा हवी होती. युक्रेनियनांची भिस्त हिटलरवर होती, आणि त्यानंच हंगेरीला हिरवा कंदील दाखवला. स्टालिननं १० मार्चला भाषणात चिलटाला (कार्पाथो-युक्रेनला) हत्ती (सोव्हिएत युक्रेन) जोडायची भाषा करून सगळ्या युक्रेनच्या त्या कल्पनेची टर उडवली होती.

१३ मार्चच्या रात्रीची गोष्ट गाळू नकोस. सिचनं शस्त्रं मागितली, आणि खुस्तमध्ये त्यांची चेक फौजेशीच चकमक पेटली. हंगेरियन यायच्या आधीच माणसं पडली. १५ला विधानसभा भरली, निळापिवळा झेंडा आणि राष्ट्रगीत मंजूर झालं, वोलोशिन अध्यक्ष झाले. त्याच दिवशी जर्मन फौज प्रागमध्ये शिरली. खुस्तजवळच्या क्रास्ने पोलेच्या मैदानात हंगेरियन फौजेसमोर अपुऱ्या शस्त्रांनिशी उभे राहिलेल्यांत बरीचशी शाळा-सेमिनरीतली मुलं होती.

वोलोशिन रोमानियामार्गे निसटून पुढे प्रागला राहिले. १९४५च्या मे महिन्यात सोव्हिएत पोलिसांनी त्यांना तिथून उचललं. १९ जुलैला मॉस्कोच्या बुतिर्का तुरुंगात ते वारले.

तुझा,
दत्ता