व्हेंटिलेटरवरचा रुग्ण पाठवताना चिठ्ठीत उंचीही लिहा

मा. संपादक,

पावसाळा लागला की लेप्टो, डेंग्यू, न्यूमोनियाच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेले असते : ‘प्रकृती खालावल्याने रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवले.’ बातमीला तेवढे पुरते. पण एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात पाठवताना सोबत दिलेल्या चिठ्ठीत ‘ऑक्सिजन कमी, एक्स-रे पांढरा’ इतकेच असेल, तर पुढच्या डॉक्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागते.

धमनीच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब ६० आणि दिला जाणारा ऑक्सिजन ६० टक्के, म्हणजे भागाकार १००. २०१२च्या बर्लिन व्याख्येत तीव्र एआरडीएसचा, म्हणजे फुप्फुसांना सूज येऊन ऑक्सिजन झपाट्याने घसरण्याच्या विकाराचा, उंबरठा हाच. पण लेप्टोने फुप्फुसात रक्तस्राव झालेला, हृदय कमजोर होऊन फुप्फुसात पाणी भरलेला आणि पायातली गुठळी फुप्फुसाच्या धमनीत अडकलेला, अशा तिघांचाही भागाकार १०० येऊ शकतो. पहिल्या दोघांचे एक्स-रेही सारखेच पांढरे दिसतात. उपचार मात्र तिघांचे तीन.

फरक कळतो तो दाबाच्या आकड्यांवरून. पडद्यावरचे पीक प्रेशर, म्हणजे हवा आत जाताना नोंदला जाणारा सर्वाधिक दाब, सगळे पाहतात, कारण अलार्म त्याचाच वाजतो. श्वास आत गेल्यावर ‘इन्स्पिरेटरी होल्ड’चे बटण अर्धा ते एक सेकंद दाबून धरले की प्रवाह थांबतो आणि प्लॅटो, म्हणजे स्थिर फुप्फुसातला दाब, दिसतो. एआरडीएसच्या एका रुग्णात पीक ३६ आणि प्लॅटो २८ असेल, दम्याच्या एकात पीक ४५ आणि प्लॅटो १८. अलार्म दम्याचा मोठा, पण घट्ट झालेले फुप्फुस पहिल्याचे. दोघांनाही प्रत्येक श्वासाला ३७० मिलिलिटर हवा दिली आणि श्वास सोडल्यानंतरचा एकूण दाब, म्हणजे पीप, १० धरला, तर पहिल्याची कम्प्लायन्स (फुप्फुस किती सहज फुगते याचे माप : दिलेली हवा भागिले प्लॅटो आणि पीपमधला फरक) ३७० भागिले १८, म्हणजे जेमतेम २०. दम्यात ती ४६ येते. पहिल्यात प्लॅटो आणि पीपमधला फरक १५ च्या वर गेला आहे, तेव्हा हवा आणखी कमी करण्याचा विचार हवा. दम्यात अडथळा नळ्यांत आहे. तिथे श्वासांचा वेग मिनिटाला १०-१२ वर आणून हवेला बाहेर पडायला वेळ द्यायचा. अलार्म नको म्हणून दाबाची मर्यादा ४० वर आणली, तर यंत्र प्रत्येक श्वास मध्येच तोडते आणि रुग्णाला हवाच पुरत नाही.

प्लॅटोचा आकडा चुकतोही सहज. रुग्ण स्वतः श्वास ओढत असेल तर प्लॅटोला अर्थ नाही. होल्ड धरला असताना रेघ खाली घसरत राहिली तर कुठेतरी गळती आहे. आधी श्वासनलिकेतल्या ट्यूबचा कफ, म्हणजे तिच्याभोवतीचा हवेचा फुगा, तपासावा. स्थूल माणसात किंवा पोटात पाणी झालेल्यात छातीची भिंतच जड असते, त्यामुळे प्लॅटो जास्त दिसला तरी सगळा दोष फुप्फुसाचा नसतो. दम्यात ‘एक्स्पिरेटरी होल्ड’ (श्वास सोडल्यावर प्रवाह थांबवून मोजणे) न करता यंत्रावर लावलेला ५ चा पीप धरून हिशेब केला, तर अडकून राहिलेली हवा हिशेबातून सुटते.

एक्स-रेबाबत आमची एक तक्रार आहे : तो कोणत्या पीपवर काढला हे कोणी लिहीत नाही. पीप ५ वरून १२ वर नेला की तेच फुप्फुस फुगून फिल्म काळी दिसते आणि ‘सुधारणा’ अशी नोंद होते. शिवाय झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये हृदय मोठे दिसते आणि डेंग्यूत साचलेले छातीतले पाणी मागे पसरून नुसता धूसरपणा येतो. सोनोग्राफीचा प्रोब बरगड्यांखाली ठेवला तर तेच पाणी काळे, स्पष्ट दिसते. हृदयविकाराच्या पाण्यात सोनोग्राफीवर दोन्ही बाजूंना सारख्या उभ्या रेषा असतात आणि फुप्फुसावरचे आवरण गुळगुळीत असते. एआरडीएसमध्ये रेषा ठिकठिकाणी, मध्ये चांगले पट्टे आणि आवरण खडबडीत. गुठळीच्या रुग्णात एक्स-रे जवळपास स्वच्छ, कम्प्लायन्सही ठीक, तरी ऑक्सिजन चढत नाही. तिथे रंगद्रव्य देऊन सीटी करायला हवा.

समुद्रात बुडताना वाचवलेल्यांचे वेगळेच. पाण्याने फुप्फुसातले सरफॅक्टंट, म्हणजे हवेच्या पिशव्या मिटू न देणारे द्रव्य, धुऊन जाते. पहिला एक्स-रे साफ असू शकतो आणि काही तासांनी बिघडतो. किनाऱ्यावरून आणलेल्या पर्यटकाला ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणून लगेच हॉटेलवर सोडू नये.

आता उंची. श्वासाचे माप खऱ्या वजनावर नव्हे, उंचीवरून काढलेल्या वजनावर ठरते : पुरुषांसाठी ५० अधिक ०.९१ गुणिले (सेंटीमीटरमधली उंची वजा १५२.४), स्त्रियांसाठी ५० ऐवजी ४५.५. १६५ सेंटीमीटरच्या पुरुषाचे ६१.५ किलो, म्हणजे किलोला ६ मिलिलिटरप्रमाणे सुमारे ३७० मिलिलिटर. तो ९० किलोचा दिसतो म्हणून ५४० लावले, तर एआरडीएसमध्ये उरलेसुरले चांगले फुप्फुसही ताणून फाटते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत किलोला १२ ऐवजी ६ मिलिलिटर दिल्याने मृत्यूचे प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले होते. त्यासाठी लागते काय? शिंप्याकडची टेप. रुग्णाला सरळ झोपवून टाळूपासून टाचेपर्यंत मोजा, डोळ्यांनी अंदाज नको.

म्हणून चिठ्ठीत हे असावे : उंची, दिलेली हवा, प्लॅटो, एकूण पीप, ऑक्सिजनची टक्केवारी आणि त्या क्षणीचे सॅच्युरेशन. मोजायला पाच मिनिटे पुरतात.

आणि दक्षिण गोव्यातल्या काणकोणहून बांबोळीच्या सरकारी इस्पितळापर्यंतच्या प्रवासाआधीची एक गोष्ट. आयसीयूच्या यंत्रावरून रुग्णवाहिकेच्या यंत्रावर घेताना नळी सुटली की पीप जातो आणि एआरडीएसचे फुप्फुस काही क्षणांत मिटते. रुग्ण स्वतः श्वास घेत नसेल तर श्वास आत भरल्यावर ट्यूब गॉज गुंडाळलेल्या चिमट्याने दाबावी, नळी बदलावी, नवे यंत्र सुरू करून लगेच चिमटा काढावा. आत तार गुंडाळलेली ट्यूब मात्र चिमटू नये, ती दबून तशीच राहते. दम्याच्या रुग्णात तर चिमटा नकोच. रक्तदाब अचानक कोसळला तर तिथे नळी मुद्दाम सोडून अडकलेली हवा बाहेर जाऊ द्यावी लागते.

आपले,
अतिदक्षता विभागांत काम करणारे काही डॉक्टर व तंत्रज्ञ,
तिसवाडी