कराडला पत्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवरच सांगणार होते, पण आई, तू बाबांच्या रिपोर्टबद्दल बोलत होतीस आणि माझी जीभ रेटेना. मी न्यू जर्सी सोडतेय. जानेवारीत मोंटानात, बोझमन गावी, विद्यापीठाच्या माती प्रयोगशाळेत रुजू होतेय. सही झाली. आधी विचारलं नाही, हे टोचतंय. पण विचारलं असतं तर तुम्ही "तुझी मर्जी" म्हणाला असता आणि रात्रभर जागला असता. नोकरी कायमची आहे हो. दर जूनमधली कराराची धाकधूक संपली, रजाही सलग मिळेल.

बाबा, तुम्ही एव्हाना नकाशा काढला असेल. राज्य महाराष्ट्राहून मोठं, जवळपास ३ लाख ८१ हजार चौरस किलोमीटर, आणि २०२० च्या जनगणनेत माणसं १०,८४,२२५. आपल्या सातारा जिल्ह्यातच २०११ साली ३० लाख होती. पूर्वेला गव्हाची माळरानं, पश्चिमेला रॉकी पर्वत, वर कॅनडा. पण मी काही रानात राहणार नाही, बोझमन विद्यार्थ्यांनी गजबजलेलं आहे, विमानतळही आहे. उणे ५७ अंश वाचून घाबरू नका, तो आकडा रॉजर्स पास खिंडीतला, जानेवारी १९५४ चा. थंडी माझ्याकडेही कडक असते, पण घरात स्वेटर लागत नाही.

आई, जेवणाचं म्हणशील तर अमेरिकेतला सर्वांत जास्त मसूर मोंटानातच पिकतो! मुलाखतीला गेले तेव्हा एक पिशवी घेतली. हिरवट राखी, आपल्याहून चपटा दाणा. तुझा मसाला घालून तिथेच अख्खा मसूर केला. कुकरशिवाय शिजता शिजेना, गाव साडेचौदाशे मीटर उंचीवर आहे ना.

तिथून पन्नासेक किलोमीटरवर थ्री फोर्क्सला जेफरसन, मॅडिसन, गॅलटिन या तीन नद्या एकत्र येतात आणि मिसुरी सुरू होते. काठावर उभी राहिले आणि प्रीतिसंगमच डोळ्यांपुढे आला. बाबा, मी तुमच्या खांद्यावर बसून कृष्णा कुठली, कोयना कुठली ते सांगायचे. चुकायचेच, तरी तुम्ही "बरोब्बर" म्हणायचात. खूप रडले तिथे.

आता ऐका. गोळी नाश्त्यानंतर, आठवण येईल तेव्हा नाही. बाबांनी माळ्यावर चढायचं नाही. आई, गुडघ्याचा एक्स-रे दिवाळीनंतर म्हणाली होतीस, दिवाळी होऊन गेली. जिन्याला कठडा बसवा. पैसे पाठवलेत, परत करू नका.

पाडव्याला येणं जमणार नाही. रागावू नका. जुलैत तुम्हीच या, तेव्हा रात्री नऊपर्यंत उजेड असतो.

तिथे गेल्यावर आपल्या घड्याळांत साडेबारा तासांचा फरक. तुमचे रविवारचे सकाळचे साडेसात, तेव्हा माझे शनिवारचे संध्याकाळचे सात. तेव्हाच फोन करेन. आई, बाबांचा दुसरा चहा तोवर थांबव, मीही माझा कप घेऊन बसते.

तुमची,
सोनू