सल्ल्याला लगाम घातलात, त्याबद्दल आभार

आदरणीय पाळकीणबाई आणि पाळकसाहेब,
सप्रेम सलाम.

कोरियातल्या देजॉन शहरातल्या आपल्या मंडळीत तुम्ही पुढाऱ्यांसाठी विवाह आणि कुटुंबाचं प्रशिक्षण घेतलंत, आणि आम्हा परदेशी जोडप्यांनाही त्यात बसवून घेतलंत. तोंडी आभार मानून झालेत. पण तिथे काय शिकवलं ते इतर मराठी मंडळ्यांनाही कळावं, म्हणून हे उघड पत्र.

कोरियन चर्चमध्ये पुढाऱ्याच्या शब्दाला केवढं वजन, ते इथे आल्यावर कळलं. पहाटेची प्रार्थना न चुकवणारे जांगनो, म्हणजे वडील, आणि घरोघरी भेटी देणाऱ्या वयस्क क्वोनसा, म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठ सेविका. कुणाच्या घरात खटकलं की पहिल्यांदा यांनाच बोलावणं. आणि हे पोचले की सल्ला सुरू. तुम्ही नेमका त्यालाच लगाम घातलात.

छुसॉक या सुगीच्या सणानंतरच्या शनिवारचं सत्र तर डोळ्यांपुढे आहे. सत्तरीचे एक जांगनो आणि त्यांच्या पत्नी समोरासमोर. पाच मिनिटं बाईंनी बोलायचं, जांगनोंनी फक्त ऐकलेलं परत सांगायचं. त्या म्हणाल्या, "थोरली सून म्हणून सणभर तळण काढत उभी असते, एकदाही कुणी बस जरा म्हणत नाही." जांगनोंनी लगेच, "मग पुढच्या वर्षी विकत आणू," म्हणून विषय मिटवला. तुम्ही नुसता हात वर केलात. ते म्हणाले, "तू थकतेस." त्या म्हणाल्या, "थकते असं कुठे म्हटलं मी?" तिसऱ्या खेपेला त्यांच्या तोंडून निघालं, "मी तुला बस म्हणत नाही." मला गौरीच्या दिवसांत चुलीपुढून न हलणाऱ्या आमच्या शेजारच्या काकू आठवल्या.

पुरुषांना घराकडे वळवायचं काम कोरियन चर्चने आधीही केलंय. सोलच्या ऑन्नुरी चर्चमधून १९९५ साली सुरू झालेली वडिलांची शाळा पुढे देशोदेशी गेली. तिथे मुलांना पत्र लिहायला लावतात, बायकोचे पाय धुवायला लावतात. तुमचा भर त्यानंतर येणाऱ्या साध्या सोमवार-मंगळवारांवर होता.

मग प्रार्थना-विनंत्या. गटात कुणी रडत काही सांगितलं की रात्रीपर्यंत ते 'प्रार्थनेसाठी' म्हणून काकाओटॉकवर फिरतं. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरतं, एवढाच काय तो फरक. तुम्ही नियम घातलात: वहीत फक्त नाव लिहायचं, कारण नाही. "कारण देवाला माहीत आहे," असं तुम्ही म्हणालात तेव्हा सगळे हसले. नियम मात्र पाळला जातोय.

संमतीने घटस्फोट मागणाऱ्यांना कोरियात २००८ पासून विचाराची मुदत दिली जाते, लहान मुलं असतील तर तीन महिने, नसतील तर एक. या काळात समेटाची शिष्टमंडळं न्यायची नाहीत, असं तुम्ही शिकवलंत. मुलांना शाळेतून आणायचं, डबा पोचवायचा, बस्स. आणि मारहाण असेल तिथे 'सोसा, प्रार्थना करा' हे तोंडातून काढायचंच नाही, १३६६ या महिलांच्या मदतक्रमांकावर फोन लावून द्यायचा. कोरियन नीट न येणाऱ्या परदेशी सुनांसाठी १५७७-१३६६. हे दोन्ही नंबर आता चर्चमधल्या बायकांच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेत. बाहेरच्या फलकावर नकोत, नंबर टिपून घेताना कुणीतरी बघतं, हे तुम्हालाच सुचलं.

प्रशिक्षणातले तुमचे प्रश्न मराठीत उतरवून मी नगरला आमच्या पाळकांना पाठवलेत. तुमच्याकडच्या २१ मेच्या पती-पत्नी दिनाचा मुहूर्त त्यांना फार आवडलाय, त्याच सुमारास पहिली बैठक ठेवताहेत. अडचण एकच कळवलीय: "पुढारी येतील, पण जोडीने येणार नाहीत." तेव्हा पाळकीणबाई, इथल्या जांगनोंना जोडीने कसं आणलंत, तेवढं मला सवडीने सांगा.

प्रभूमध्ये तुमची,
इंग्रजी उपासनेतली मराठी बहीण