सर, खरं टायमिंग लिहायला लावलंत त्याबद्दल

आदरणीय सर,

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आम्हा पोरांना तुम्ही रोज पहाटे मैदानावर शिकवता, तेही एक रुपया न घेता. त्याचे जाहीर आभार मानायला हे पत्र.

सगळ्यात मोठे आभार त्या टायमिंगच्या वहीबद्दल. १६०० मीटरला ५ मिनिटं १० सेकंदांत आलं तर २० पैकी २० गुण, हे प्रत्येकाला पाठ असतं. पण टायमिंग खरं लिहायची सवय तुम्ही लावलीत. मित्राने मोबाईलचं घड्याळ चार सेकंद उशिरा सुरू केलं की पोरगा खूश होतो आणि भरतीच्या दिवशी उघडा पडतो. म्हणून घड्याळ तुमच्याच हातात, आणि वहीत चारही फेऱ्यांचे आकडे वेगवेगळे. चूक तिथेच सापडते. ५:१० साठी ४०० मीटरची फेरी सरासरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत यायला हवी. जोशात पहिली सत्तरला मारली की तिसऱ्या फेरीत पाय जड होतात, आणि कमावलेले सात-आठ सेकंद दुपटीने जातात. पहिली फेरी दाबून धरायला खरा संयम लागतो, तो तुम्ही अंगात मुरवलात.

गोळाफेकीचंही तसंच. ७.२६० किलोचा गोळा तळहातात नाही, बोटांच्या मुळाशी धरायचा, मानेला टेकवायचा, कोपर वर ठेवायचं. जोर आधी पायांतून, मग कमरेतून. कोपर पडलं की गोळा चेंडूसारखा फेकला जातो आणि खांदा धरतो. डांबरी रस्त्यावर धावून नडगी दुखायला लागली की तुम्ही सरळ मातीवर आणता, नाहीतर घरी बसवता. दुखणं लपवणाऱ्याला मात्र ओरडा ठरलेला.

भरती जवळ आली की दम वाढवायची इंजेक्शनं विकणारे आणि पैसे घेऊन ‘सेटिंग’ लावतो म्हणणारे एजंट फिरू लागतात. मूळ प्रमाणपत्रं आणि कोरा चेक कुणाच्याही हातात द्यायचा नाही, हे तुम्ही घरच्यांनाही बोलावून सांगता. कर्ज काढून पैसे देणारी घरं वाचतात ती यामुळे. नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, जात प्रमाणपत्र यांच्या तारखा जाहिरात येण्याआधीच तपासून घेता, तेही मोलाचं.

आणि यादीत नाव न आलेल्यांना तुम्ही दुसऱ्या दिवशी फोन करून मैदानावर बोलावता, वनरक्षकाचा किंवा आयटीआयचा फॉर्म सोबत बसून भरून घेता. त्या फोनबद्दल, सर, मनापासून आभार.

आपली,
मैदानावरची पोरं