कोर्टाच्या व्हरांड्यात भेटलेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण आमच्यासारखी माणसं त्या व्हरांड्यात रोज उभी असतात.

दादाला बौद्धिक अक्षमता आहे. कुणी आवाज चढवून काही विचारलं की तो 'हो' म्हणतो. आम्हाला हे ठाऊक, पण चौकीत आमचं कोण ऐकणार? चोरीच्या आरोपाखाली तो आत गेला आणि वकिलाच्या फीसाठी आई मंगळसूत्र मोडायला निघाली.

तेव्हा तुम्ही, विधी सेवा प्राधिकरणाच्या स्वयंसेविका, तिच्याशेजारी येऊन बसलात. "त्याचं दिव्यांग प्रमाणपत्र काढलंय का?" हा तुमचा पहिला प्रश्न. तोवर ते कुणी मागितलंच नव्हतं. ट्रंकेत रेशनकार्डाखाली पडून होतं. १९८७ च्या विधी सेवा कायद्यातल्या कलम १२ प्रमाणे दिव्यांगांना आणि कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, हेही तेव्हाच कळलं. लोकअभिरक्षक कार्यालयातल्या, म्हणजे आरोपींना मोफत वकील देणाऱ्या कार्यालयातल्या, वकील मॅडमसमोर तुम्ही आईलाच बोलायला लावलंत. दादाच्या त्या 'हो'बद्दल ती बोलली आणि मॅडमनी ते लिहून घेतलं.

जामीन झाला, पण जामीनदार मिळेना. ऐपतीचा दाखला असलेलं आमच्यात कोण आहे? महिनाभरात हमी भरता आली नाही तर न्यायालय अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी म्हटलं आहे. तुम्ही त्याचा पाठपुरावा केलात आणि दादा जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सुटला.

माझ्या लेखी मात्र याहून मोठी गोष्ट वेगळीच. प्रत्येक तारखेनंतर तुम्ही आईला गाठून सांगायचात : "आज अर्जावर म्हणणं मागवलंय, निकाल पुढच्या वेळी." आणि पुढची तारीख तिच्या पिशवीतल्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायचात. शेजारपाजारचे बोलेनासे झाले होते. त्या काळात आईशी नीट, तिला समजेल असं बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच. तुमच्याशी बोलणं झालं की ती रात्री चार घास खायची. गुन्हा शाबित व्हायच्या आधीच घरच्यांना शिक्षा सुरू होते, आणि त्यांची विचारपूस करणं हे कुणाच्याच कामात धरलेलं नसतं. तुम्ही ते आपलं काम मानलंत.

खटला अजून चालू आहे. ज्यांच्या घरी हे घडतंय त्यांनी १५१०० वर फोन करावा, नाहीतर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीची चौकशी करावी. उपचाराचे आणि दिव्यांगत्वाचे कागद पहिल्याच दिवशी वकिलाला दाखवावेत.

आई तुम्हाला आशीर्वाद सांगते आहे.

आपली कृतज्ञ,
एका न्यायाधीन बंद्याची बहीण